पासिंगच्या आधी पेट्रोलचा वास दाबू नका, या चुका टाळा

गाडीला 15 वर्षं होत आली की लोकं जागे होतात, तेही आरसीची, म्हणजे नोंदणीची, मुदत चार दिवसांवर आली की. मग लाइटा बदलतात, डेंट काढतात, सीट धुतात आणि पासिंगच्या, म्हणजे आरटीओच्या तपासणीच्या, आदल्या संध्याकाळी माझ्या गॅरेजवर येऊन म्हणतात, भाऊ थोडासा पेट्रोलचा वास येते, तेवढा बंद करून द्या. अरे पेट्रोलचा वास थोडासा नसतोच ना. टाकीपासून इंजिनपर्यंतची लाइन पूर्ण बंद असते, वास आला म्हणजे कुठून तरी बाहेर पडून राह्यलं, आणि आपल्या विदर्भात मे महिन्याच्या 45 डिग्रीत बॉनेटखाली काय हाल असतात ते मी सांगायला नको. रिन्युअलचा अर्ज मुदत संपायच्या 60 दिवस आधीपासून करता येतो, गाडी तेव्हाच तपासायला घ्या.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे लीक न शोधता पार्ट बदलत सुटणं. दारव्ह्याकडची एक गाडी आली होती माझ्याकडं, पंप नवीन, फिल्टर नवीन, दोन ठिकाणी दाखवून झालेली, तरी वास तसाच. मी काहीच खोललं नाही, टाकी फुल करायला लावली आणि रात्री गाडीखाली जुन्या खोक्याचा पुठ्ठा अंथरला. सकाळी मागच्या चाकाजवळ पुठ्ठ्यावर रुपयाएवढे दोन ओले डाग. वर हात घातला तर टाकीवरून जाणारा रबरी पाइप कुरतडलेला, उंदराच्या दातांच्या बारीक जोड रेघा बोटाला लागत होत्या. विचारलं गाडी कुठं उभी करता, तर म्हणे कोठ्यात, म्हणजे ढोरांच्या गोठ्यात, सरकीच्या ढेपीच्या पोत्यांजवळ. आता ढेप असली की उंदीर येणारच, आणि पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळल्या झाडांचा) ढीग बाजूला असला तर घरच झालं त्यांचं. वीतभर पाइपाचं काम होतं, पंपाचे पैसे उगाच गेले त्या माणसाचे, मला खरंच वाईट वाटलं.

म्हणून आधी वास कधी येतो ते पाहा. टाकी फुल केल्यावरच येत असेल तर दोष वरच्या बाजूला, म्हणजे पंपाची सील, पेट्रोल भरायच्या नळीचं रबर नाहीतर झाकणाची वायसर. सकाळी थंड्या गाडीला सेल मारल्यावर येतो आणि गाडी गरम झाली की जातो, तर इंजेक्टरच्या, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या भागाच्या, ओ-रिंग (रबरी कड्या) पाहा, जुनं रबर थंडीत आक्रसतं आणि गरम झालं की फुगून जागा धरतं. पाहायला बॅटरीचा टॉर्च घ्या, माचिस किंवा लायटर जवळपाससुद्धा नको.

दुसरी चूक एम-सीलची. टाकीला गंज लागून बारीक भोक पडलं की वरून एम-सील थापतात, ते पासिंगच्या दिवसापुरतं टिकतं, कधी तेही नाही. त्याहून भयंकर म्हणजे टाकी रिकामी करून वेल्डिंगवाल्याकडं नेणं. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ असते आणि भरलेल्या टाकीपेक्षा तीच जास्त धोक्याची, ठिणगी पडली की टाकी फुटते. ही वाफ हवेपेक्षा जड असते, खड्ड्यात खाली जाऊन बसते, म्हणून गॅरेजच्या खड्ड्यात टाकी उतरवून काम करू नका. टाकी सडली असेल तर बदला, यात दुसरा रस्ता नाही.

पाइपाचंही तसंच. शेतात फवारणी पंपाचा किंवा पाण्याचा उरलेला पाइप कापून लावलेल्या गाड्या मी कितीतरी पाह्यल्या, काहून करता बाप्पा असं? आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल येते, ते साधा पाइप आधी फुगवतं मग तडकवतं, जुन्या टाकीतला चिखलही सोडवून फिल्टरात आणतं. इंजेक्शनच्या गाडीत प्रेशर साधारण 3 बारच्या आसपास असते, तिथं पाइपावर एसएई जे 30 आर 9 (SAE J30R9, इंजेक्शनच्या पेट्रोल पाइपाचा मार्क) असं छापलेलं पाहूनच घ्या. क्लिप जीव लावून आवळू नका, रबर कापल्या जाते.

आणि फिल्टर असो की पाइप, खोलायच्या आधी प्रेशर उतरवा. पेट्रोल पंपाचा रिले (फ्यूज बॉक्समधला त्याचा स्विच) काढा, गाडी चालू करून आपोआप बंद पडू द्या, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. थेट पाना लावला तर पेट्रोल डोळ्यात उडते. डिझेलच्या कॉमन रेल गाडीत, म्हणजे सगळ्या इंजेक्टरला एकाच जास्त प्रेशरच्या नळीतून डिझेल जाते त्या गाडीत, तर चालू इंजिनवर लीक बोटानं चाचपूच नका, तिथं प्रेशर हजार बारच्या वरही जाते, बारीक धार कातडीतून आत शिरते आणि वरून फक्त टोचल्यासारखं दिसते. असं झालं तर घरगुती उपाय नको, लगेच मोठ्या दवाखान्यात.

पीयूसीत, म्हणजे धुराच्या तपासणीत, गाडी नापास झाली की लगेच इंजेक्टर खराब म्हणणारे खूप. बीएस 3 (धुराच्या सरकारी नियमाचा टप्पा) च्या पेट्रोल कारला आयडलिंगवर, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन चालू असताना, सीओ (कार्बन मोनॉक्साइड) 0.5 टक्के आणि एचसी (न जळलेलं पेट्रोल) 750 पीपीएमची मर्यादा आहे, बीएस 4 ला 0.3 आणि 200. थंडी गाडी नेली तर चांगलीही नापास होते, पाच-सात किलोमीटर चालवून न्या. त्याआधी एअर फिल्टर झटका, आमच्या मातीच्या रस्त्यानं तो तुरीच्या मळणीत टांगल्यासारखा भरलेला असते, मग प्लग पाहा. चेक इंजिनची लाइट स्कॅनरनं पुसून नेऊ नका, दोष आत तसाच राहतो आणि लाइट परत लागते.

सीएनजीवाल्यांनी सिलिंडरची प्लेट पाहावी, हायड्रो टेस्ट (पाण्याच्या प्रेशरनं सिलिंडरची तपासणी) दर 3 वर्षांनी लागते, तारीख उलटली असेल तर आधी ते काम. जोडावर साबणाचा फेस लावा, फुगे आले की गॅस जाऊन राह्यला.

काम झालं की गाडी निदान आठवडाभर वापरा, बाजारहाट करा, एकदा टाकी फुल करा. मग पासिंगच्या आदल्या रात्री पुन्हा पुठ्ठा अंथरा. सकाळी पुठ्ठा कोरडा निघाला की काढा गाडी.