टाइमलेस चाइल्डवरून भांडायचंय? मग तयारीने भांडा

डॉक्टर हू ही ब्रिटिश विज्ञानकथा मालिका बघणाऱ्या कुठल्याही चार लोकांत तिचा तेव्हाचा प्रमुख लेखक ख्रिस चिबनॉल ह्याचं नाव काढा, पाच मिनिटांत त्याच्या टाइमलेस चाइल्डच्या एपिसोडवरून जुंपलीच म्हणून समजा. १ मार्च २०२० ला तो एपिसोड आला, एवढी वर्षं झाली तरी तेच. मला स्वतःला तो एपिसोड आवडत नाही, पण आमच्याच बाजूचे लोक इतके कच्चे मुद्दे घेऊन येतात ना की समोरचा दोन वाक्यांत गार करून टाकतो. म्हणून हे लिहितोय. पुढे स्पॉयलर आहेत.

ज्यांनी बघितलेलं नाही त्यांच्यासाठी: मालिकेचा नायक डॉक्टर हा गॅलिफ्रे ग्रहाचा साधा टाइम लॉर्ड (तिथली काळावर हुकूमत असलेली जमात), टार्डिस हे कालयान चोरून पळालेला, हे आपण धरून चाललो होतो. चिबनॉलने सांगितलं की नाही, डॉक्टर म्हणजे कुठल्या तरी अज्ञात जगातून आलेलं पोर, टेकट्यून नावाच्या बाईला सापडलेलं, आणि त्या पोराच्या अंगातली रीजनरेशनची, म्हणजे मरताना नवं शरीर आणि नवा चेहरा घ्यायची ताकद काढून घेऊनच टाइम लॉर्ड तयार झाले. नंतर डॉक्टरची ती सगळी आठवण पुसली.

तर पहिलं काम, तुमची तक्रार नक्की काय आहे ते ठरवा. 'कॅनन (मालिकेत आधी ठरलेला इतिहास) मोडला' ही एक तक्रार आणि 'गोष्ट नीट सांगितली नाही' ही वेगळी. लोक दोन्हींची खिचडी करतात, मग एका मुद्द्यावर हरले की दुसऱ्यावर उडी मारतात.

कॅननवर भांडायचं असेल तर आधी क्रम पाठ करा. १९६३ ला सिरीज सुरू झाली तेव्हा टाइम लॉर्ड हा प्रकारच नव्हता, तो १९६९ च्या द वॉर गेम्समध्ये आला. चेहरा बदलणं १९६६ मध्ये आलं ते पहिला डॉक्टर झालेल्या विल्यम हार्टनेलची तब्येत साथ देईना म्हणून, त्याला रीजनरेशन हे नाव १९७४ मध्ये मिळालं, दोन हृदयं १९७० ची. म्हणजे 'मूळ कथेला हात लावला' असं म्हणालात तर समोरचा विचारणार, कुठली मूळ कथा भाऊ?

आणि मग तो द ब्रेन ऑफ मॉर्बियस ही जुनी कथा काढणार, काढणारच. जानेवारी १९७६. डॉक्टर आणि खलनायक मॉर्बियसची मनाची कुस्ती चालू आहे, स्क्रीनवर तेव्हाच्या डॉक्टरपासून, म्हणजे टॉम बेकरपासून मागे मागे जात हार्टनेलपर्यंत चेहरे येतात, आणि तिथे थांबत नाहीत, अजून आठ अनोळखी चेहरे येतात, म्हणजे हार्टनेलच्याही आधीचे डॉक्टर! जुन्या पोशाखात पोज देऊन बसलेली ती सिरीजचीच माणसं होती, त्यात निर्माता फिलिप हिंचक्लिफ आणि स्क्रिप्ट एडिटर रॉबर्ट होम्स पण. गंमत म्हणजे त्याच वर्षाच्या शेवटी ह्याच होम्सने द डेडली असॅसिनमध्ये बारा रीजनरेशनची मर्यादा घातली.

तुमच्याकडे उत्तर आहे, ते तयार ठेवा. १९८३ च्या मॉड्रिन अनडेडमध्ये पाचवा डॉक्टर स्पष्ट सांगतो की बारातली चार वापरून झाली, आणि त्याच वर्षी द फाइव्ह डॉक्टर्समध्ये पहिला डॉक्टर स्वतःला मूळचा म्हणवतो. पण समोरचा म्हणणार, आठवणच पुसलीय तर त्याला जे माहीत तेच तो बोलणार ना. झालं, बरोबरी. कॅननच्या भांडणात ह्याच्या पुढे कोणी जात नाही, म्हणून मी तिकडे जातच नाही.

दम दुसऱ्या तक्रारीत आहे. पण तिथे 'बकवास लिहिलंय' एवढं म्हणून भागत नाही, सीन दाखवा. जुना शत्रू मास्टर डॉक्टरला (ह्या वेळी डॉक्टर बाई आहे) मॅट्रिक्समध्ये, म्हणजे टाइम लॉर्डच्या आठवणींच्या साठ्यात अडकवतो आणि सगळा इतिहास स्वतः सांगत बसतो. ती उभी राहून ऐकते. डॉक्टरच्या भूमिकेत जोडी व्हिटाकरसारखी नटी हाताशी आणि एपिसोडमधल्या सगळ्यात मोठ्या खुलाशात तिला श्रोता करून ठेवलंय, शोध तिने लावलाय असं कुठेच नाही.

त्याहून मोठा मुद्दा सांगतो. जन्माचं गुपित नंतर कळणं आपल्याला नवीन आहे का, कर्णाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतोय. पण कर्णाला कळतं तेव्हा त्याच्यासमोर निवड येते, पांडवांकडे जायचं की दुर्योधनाजवळ राहायचं, आणि तो जे निवडतो त्यातून तो कोण आहे ते कळतं. डॉक्टरला कळल्यावर काय निवडायचं होतं? आठवणींचा भडिमार करून ती मॅट्रिक्समधून सुटते, मग शेवटी सगळे जीव मारणारा डेथ पार्टिकल फोडायची वेळ येते, तिला ते जमत नाही आणि को शार्मस नावाचा म्हातारा येऊन तिचं काम करतो. ह्या प्रसंगाचा जन्माच्या गुपिताशी संबंध काय? ते गुपित काढून टाका, प्रसंग जसाच्या तसा राहतो. हा मुद्दा टाका आणि गप्प बसा, समोरच्याला विचार करू द्या.

काही गोष्टी मात्र बोलूच नका. 'चिबनॉलला सिरीज माहीतच नाही' हे तर अजिबात नको, हा माणूस १९८६ मध्ये पोरसवदा फॅन म्हणून बीबीसीच्या ओपन एअर कार्यक्रमात येऊन तेव्हाच्या डॉक्टर हूच्या लेखकांना तोंडावर नावं ठेवून गेलाय (क्लिप बघाच). रेटिंग काढणार असाल तर एपिसोड लागला त्या रात्रीचे आकडे आणि सात दिवसांचे आकडे एकत्र करू नका, पकडले जाल. आणि जोडी व्हिटाकर बाई आहे म्हणून ज्याचं पोट दुखतंय तो तुमच्या बाजूने बोलायला आला तर त्याला तिथेच थांबवा, नाहीतर तुमचा चांगला मुद्दा पण त्याच्या खात्यात जातो.

शेवटी कोणीतरी म्हणणारच, 'नवा शोरनर (मालिकेचा प्रमुख लेखक-निर्माता) हे सगळं पुसून टाकेल.' त्याला सांगायचं की २०२३ मध्ये रसेल टी डेव्हिस परत आला आणि त्याने वाइल्ड ब्लू यॉन्डरमध्ये डॉक्टरच्या तोंडी, आपण कुठून आलो ते माहीत नाही, हे दुःख ठेवलं, पुसलं काहीच नाही. आणि डॉक्टरच्या पुसलेल्या आठवणी ज्यात कोंडल्यात ते घड्याळ २०२१ च्या फ्लक्स ह्या सीझनच्या शेवटी डॉक्टरनेच टार्डिसला लपवायला दिलंय, न उघडता.