अर्धशिशी आहे? मग एकदा पायांची लांबी पण मोजून बघा, पण नीट

मला मायग्रेनचा त्रास कॉलेजपासून, म्हणजे जवळपास १८ वर्षं आहे. एवढ्या वर्षांत डोळे, सायनस, पित्त सगळं तपासून झालं, पण पायांकडे कोणी बघितलं नव्हतं. बघितलं ते आमच्या टेलरने. पॅन्टची उंची घेताना म्हणाले, "ताई, डावीकडे जास्त दुमडावं लागतंय, उजवा पाय लांब आहे तुमचा." तेव्हा आठवलं की मी आठ वर्षांची असताना सायकलवरून पडून उजव्या मांडीचं हाड मोडलं होतं. मोडलेला पाय आखूड होतो असं आपण धरून चालतो, पण लहान वयात मांडीचं हाड मोडलं तर जुळून येताना ते उलट सेंटीमीटरभर जास्त वाढू शकतं, माझं तसंच झालं होतं. एक्स-रेत फरक निघाला ११ मिलिमीटर.

आता एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगते. मायग्रेन हा मेंदूचा आजार आहे, बऱ्याचदा घराण्यात असतो, आणि पाय लहानमोठे असल्यामुळे मायग्रेन होतो असा पक्का पुरावा नाहीये. कोणी "पाय सरळ करतो, मायग्रेन कायमचा घालवतो" म्हणत असेल तर तिथे पैसे घालू नका. मग संबंध काय? तर मान. कपाळाच्या आणि डोळ्याच्या संवेदना नेणारी ट्रायजेमिनल नर्व्ह आणि मानेच्या वरच्या तीन नसा खाली मेंदूच्या देठापाशी एकाच ठिकाणी येतात, त्यामुळे मानेतलं दुखणं डोळ्यामागे जाणवू शकतं आणि ज्याला मुळातच मायग्रेन आहे त्याला मान सतत आखडलेली असणं हा एक जास्तीचा भार होतो. एक पाय आखूड असला की उभं राहताना कंबर त्या बाजूला खाली जाते, पाठीचा कणा तोल सांभाळायला थोडा वाकतो, खांदे वरखाली होतात, आणि डोळे तर जमिनीला समांतरच राहायला हवेत, म्हणून शेवटी सगळी भरपाई मान करते. साडेचार-पाच किलोचं डोकं दिवसभर असं सावरायचं म्हणजे मान दुखणारच. पण उलटंही असतं बरं का, मान दुखणं हा बऱ्याच जणांना मायग्रेनच्या ॲटॅकचाच एक भाग असतो, त्यामुळे "आधी मान दुखली म्हणजे मानेमुळेच झालं" असं लगेच ठरवू नका.

म्हणूनच पहिलं काम मोजायचं नाही, लिहायचं. एक साधी वही घ्या आणि निदान चार आठवडे लिहा: ॲटॅक कधी आला, कुठल्या बाजूला, मान आधी दुखली की नंतर, झोप किती, जेवण चुकलं का, उपास होता का, पाळी, ऊन, आणि गोळ्या किती घेतल्या. गोळ्यांचा आकडा फार महत्त्वाचा आहे. साध्या पेनकिलर महिन्यात १५ दिवस किंवा जास्त, किंवा ट्रिप्टान (खास मायग्रेनच्या ॲटॅकसाठीच्या गोळ्या) आणि एकाहून जास्त औषधं एकत्र असलेल्या मिश्र गोळ्या १० दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांवर चाललं असेल तर गोळ्यांमुळेच डोकं दुखत राहू शकतं, आणि तिथे पायाखाली काहीही घातलं तरी उपयोग नाही, आधी न्यूरॉलॉजिस्टकडे जा.

मग मोजा. पाठीवर सरळ झोपा, कमरेवर हात ठेवल्यावर पुढच्या बाजूला जे टोकदार हाड लागतं तिथून घोट्याच्या आतल्या उंचवट्यापर्यंत शिवणाची टेप धरायची, दोन्ही पाय, तीन-तीन वेळा, आणि हे दुसऱ्याने करायचं, स्वतः वाकून केलं तर माप चुकतं. तसंही टेपच्या मापात अर्धा सेंटीमीटर सहज इकडेतिकडे होतो. त्यापेक्षा मला वह्यांची पद्धत जास्त आवडते. अनवाणी, गुडघे ताठ ठेवून उभं राहायचं, घरातल्या कोणीतरी मागे बसून कमरेच्या हाडांवर दोन्ही बाजूंनी तळवे टेकवायचे, आणि जी बाजू खाली दिसते त्या पायाखाली एकेक पातळ वही सरकवत जायचं, दोन्ही हात एका पातळीत आले की वह्यांची जाडी पट्टीने मोजायची. नक्की आकडा हवा असेल तर उभ्याने काढलेला एक्स-रे, तो डॉक्टर सांगतील तरच.

झोपून पाय सारखे भरले पण उभ्याने कंबर तिरकी दिसली, तर हाड सारखंच आहे, स्नायू किंवा एका बाजूचा सपाट तळवा खेचतोय. हे फार जणांचं असतं आणि यांनी आखूड पायाच्या टाचेखाली बुटात घालतात त्या पॅडच्या फंदात पडूच नये.

उभं राहायची पद्धत बघायला गवंड्यासारखा ओळंबा करा. दाराच्या चौकटीला दोरा बांधून खाली किल्ल्यांचा जुडगा, त्याच्या शेजारी उभं राहून मागून आणि बाजूने मोबाईलवर फोटो काढून घ्या. बाजूने बघताना कान, खांदा, कंबर साधारण एका रेषेत आणि दोरा घोट्याच्या जरा पुढे यायला हवा. माझा कान दोऱ्याच्या चार बोटं पुढे होता, आणि ते पायाचं नाही, लॅपटॉपचं होतं.

आता फरक निघाला तर घाबरू नका. सुमारे ९० टक्के लोकांच्या पायांत थोडा तरी फरक असतो, सरासरी ५ मिमीच्या आसपास, आणि शरीर ते सांभाळून घेतं. साधारण २ सेंटीमीटरपर्यंत बहुतेकांना त्रासच होत नाही. ५ मिमी ते २ सेंटीमीटरच्या मधल्या फरकात त्रास असेल तर ऑर्थोपेडिक किंवा चांगल्या फिजिओला दाखवून पॅड घ्या. मला ३ मिमीपासून सुरुवात करायला सांगितलं, दोन आठवड्यांनी पुढचं, आणि पूर्ण फरक कधीच भरून काढला नाही, ६ मिमीवर थांबलो. पॅड कॉर्कचं किंवा कडक रबराचं घ्या, मऊ स्पंज दाबला जातो. १ सेंटीमीटरपेक्षा जास्त लागलं तर बुटाच्या आत घालू नका, टाच बाहेर निघते, सोलच वाढवून घ्यावा लागतो.

आणि एक गोष्ट जी मला कोणी सांगितली नव्हती: आपण घरात अनवाणी असतो! बुटात पॅड घालून दोन तास बाहेर आणि बाकी दिवस ओट्यापाशी अनवाणी, मग फरक कसा पडणार. मी घरातल्या चपलांपैकी डाव्या चपलेला दुरुस्तीवाल्या काकांकडून एक थर लावून घेतला, तेव्हा कुठे कळायला लागलं. पॅडनंतर कंबर किंवा गुडघा दोन आठवड्यांवर दुखत राहिला तर काढून टाका.

बाकी सोडायच्या सवयी: मागच्या खिशात पाकीट ठेवून बसणं, ओट्यापाशी एकाच पायावर भार टाकणं, बॅग कायम एकाच खांद्यावर. व्यायाम मी दोनच नेमाने करते, हनुवटी सरळ मागे घेऊन पाच सेकंद धरणं, दहा वेळा, आणि पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं.

सलूनमध्ये मसाज झाल्यावर कडकन मान मोडून देतात ते कृपा करून करू देऊ नका, मानेतली रक्तवाहिनी फाटून स्ट्रोक होऊ शकतो. आणि अचानक आयुष्यातली सगळ्यात जोराची डोकेदुखी, तापाबरोबर मान ताठ, बोलताना अडखळणं, हातापायात जोर नसणं, डोक्याला मार लागल्यानंतरची किंवा पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली डोकेदुखी, यात काहीही असेल तर टेप बाजूला ठेवा आणि सरळ हॉस्पिटल गाठा.

माझं म्हणाल तर मानेचं आखडणं दोन महिन्यांत खूप कमी झालं, ॲटॅक महिन्याला सहा-सात होते ते चारावर आले. पण त्याच काळात डॉक्टरांनी रोजची गोळी सुरू केली होती आणि मी नाश्ता चुकवणं बंद केलं होतं, त्यामुळे श्रेय पॅडला किती द्यायचं ते मला वेगळं काढता येत नाही. दोन गोष्टी एकत्र बदलल्या की असंच होतं, तुम्ही एकेक बदला आणि मध्ये सहा आठवडे जाऊ द्या. या महिन्याच्या वहीत तीन ॲटॅक आहेत, त्यातले दोन उपासाच्या दिवशीचे, तर आता पुढचे सहा आठवडे उपास बंद.