पूर ओसरल्यावर आधी गोळ्यांची पिशवी, मग फावडे

पूर ओसरला की शेतकरी आधी गोठा पाहतो, मग मोटार, मग उभे पीक. छातीत जड वाटले तर ‘दगदग झाली’ म्हणून दुर्लक्ष होते. पाऊस थांबला म्हणून हृदयावरचा भार मात्र लगेच उतरत नाही. मोठ्या संकटानंतर असे होते, हे भूकंपांत दिसले आहे. १७ जानेवारी १९९४ रोजी पहाटे अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस परिसरात भूकंप झाला. तिथे हृदयविकाराने अचानक होणारे मृत्यू एरवी दिवसाला सरासरी पाचाच्याही आत असत. त्या दिवशी ते २४ झाले. हा पहिला धक्का. जपानमधल्या १९९५ च्या कोबे भूकंपानंतर रक्तदाबाच्या रुग्णांचा दाब पुढे काही आठवडे चढाच होता. शेतातली नासाडी आवरण्याचे जड काम नेमके याच आठवड्यांत येते.

भीती, जागरण आणि नुकसानीच्या काळजीने ॲड्रिनॅलिन हे ताणाचे संप्रेरक वाढते. नाडी व रक्तदाब चढतात, रक्त लवकर गोठू लागते. त्यात अंगातले पाणी कमी झाले आणि गोळ्या चुकल्या, तर आधीच अरुंद असलेल्या रक्तवाहिनीत गुठळी व्हायला वेळ लागत नाही.

म्हणून गोळ्यांचे आधी बघा. मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल यांसारखी नाडी व दाब आटोक्यात ठेवणारी गोळी एकदम बंद पडली तर नाडी व दाब उसळी मारतात. स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) बसवलेल्याने रक्त पातळ ठेवणारी गोळी मनाने एक दिवसही सोडू नये. हंगामाआधीच किमान दोन आठवड्यांच्या गोळ्या झिपच्या पिशवीत घालून घरात उंचावर ठेवा. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी आणि शेवटचा ईसीजी ठेवा, दोन्हींचे फोटो मोबाईलमध्येही असू द्या. पुराच्या पाण्यात भिजलेल्या गोळ्या वाळवून घेऊ नका. डोस हुकला तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका.

आता काम. ५० किलोचे पोते भिजले की ५० किलोचे राहत नाही. ते ओढताना माणूस श्वास रोखतो आणि त्या क्षणी रक्तदाब एकदम वर जातो. पोते फोडून माल १५-२० किलोच्या क्रेटमध्ये भरा, उचलताना श्वास सोडा. मेलेले जनावर हाताने ओढू नका, ट्रॅक्टरला दोर लावा. हृदयविकाराचे झटके सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळेत जास्त येतात, तेव्हा उठल्या उठल्या चिखल उपसायला लागू नका. गोळ्या, पाणी, थोडे खाणे, मग अर्धा तास हलकी कामे. वीस मिनिटे काम, दहा मिनिटे सावलीत बसणे, दर बसणीला एक पेला पाणी. हृदय कमजोर म्हणून पाणी मोजून प्यायला सांगितले असेल त्यांनी डॉक्टरांनी दिलेले माप पाळावे. तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढले किंवा पाय सुजले तर लगेच दाखवावे. बोलताना वाक्य तुटेल इतकी धाप लागली तर काम तिथेच सोडा. एकट्याने कामाला जाऊ नका.

पाणी उपसायचे डिझेल इंजिन बंद शेडमध्ये चालवू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि हृदयाचा प्राणवायू तुटतो.

छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम ही लक्षणे ठाऊक असतात. स्त्रियांत आणि मधुमेहींत मात्र कधी कधी नुसती धाप, मळमळ किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणे एवढेच दिसते, आणि ‘ॲसिडिटी’ म्हणून तास निघून जातात. मोठ्या धक्क्यानंतर, विशेषतः पाळी गेलेल्या स्त्रियांत, ताकोत्सुबो नावाचा विकार होतो. त्यात रक्तवाहिन्या बंद नसतात, तरी हृदयाचा एक भाग काही काळ नीट आकुंचन पावत नाही. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात, पण तो झटका की ताकोत्सुबो हे घरी ओळखता येत नाही.

लक्षणे दिसताच रुग्णवाहिका बोलवा, रुग्णाला टेकून बसवा, चालवू नका. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर ३०० मिलिग्रॅमची साधी गोळी चावून खायला द्या. जिभेखालची गोळी ज्याला डॉक्टरांनी लिहून दिली आहे त्यालाच, आणि बसवूनच द्या; तिने दाब पडतो. रुग्ण बेशुद्ध पडला आणि श्वास नीट चालत नसेल तर त्याला कडक जमिनीवर उताणे ठेवून छातीच्या मधोमध ५-६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहा. दर दोन मिनिटांनी दाबणारा बदला; थकलेल्या हाताचा दाब उथळ पडतो.