लंडनला फुकट फिरायचंय? मग या चुका टाळा

व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) म्युझियमच्या दारातून आत शिरल्या शिरल्या मामीने विचारलं, "अगं, वाघनखं कुठल्या मजल्यावर?" माझ्या पोटात गोळा आला. वाघनखं तिथे नव्हतीच. जुलै २०२४ मध्ये ती ३ वर्षांसाठी महाराष्ट्रात गेली, आणि सगळ्यात आधी ठेवली कुठे, तर साताऱ्याच्या संग्रहालयात. सांगलीहून गाडी काढून अडीच तासांत जे बघून झालं असतं, त्यासाठी मामी साडेनऊ तास विमानात बसून आली होती. मामा तेवढ्यात म्हणाले, "जाऊ दे, आत यायला पैसे तर नाही ना लागले?"

नाही लागले. लंडनचं हेच गंमतीशीर आहे. एक कप चहाला चार पौंड घेणारं हे शहर जगातला उत्तमातला उत्तम खजिना दार सताड उघडं ठेवून दाखवतं. तरीही लंडनच्या हॅरो भागात माझ्याकडे दर उन्हाळ्यात येणारे पाहुणे आठवडाभरात खिसा रिकामा करून बसतात. माझा अनुभव असा, की पैसे महागड्या तिकिटांत तेवढे जात नाहीत. आधी बुकिंग केलेलं नसतं, चुकीचा वार निवडलेला असतो किंवा कार्ड चुकीचं लावलेलं असतं, आणि फुकटात झालं असतं ते विकत घ्यावं लागतं.

फुकट म्युझियमचं तिकीट विकत घेणं

ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, टेट मॉडर्न, नॅचरल हिस्टरी, सायन्स म्युझियम, व्ही अँड ए: या सगळ्यांच्या कायमच्या दालनांना प्रवेश मोफत आहे. यातल्या काहींना पूर्वी तिकीट होतं, ते डिसेंबर २००१ पासून गेलं. पण गूगलवर नाव टाकलं की सगळ्यात वर कुठल्यातरी भलत्याच साइटची जाहिरात येते. "रांग टाळा, प्रवेश निश्चित", माणशी पंधरा-वीस पौंड. माझ्या एका मावसभावाने चौघांची अशी तिकिटं पुण्यातूनच काढून आणली होती. दारावरच्या माणसाने ती बघितलीसुद्धा नाहीत.

बुकिंग करायचंच, पण म्युझियमच्या स्वतःच्या साइटवर. शून्य पौंडांचं, वेळ ठरवून दिलेलं तिकीट मिळतं. बुकिंग करताना देणगीचा रकाना समोर येतो, ती ऐच्छिक असते. शाळांना सुट्टी असताना नॅचरल हिस्टरीला बुकिंगशिवाय गेलात तर डायनासोर दिसायच्या आधी तासभर पुढच्या माणसाची पाठ दिसेल.

आणखी दोन गोष्टी. चाकांची बॅग घेऊन ब्रिटिश म्युझियममध्ये सोडत नाहीत, त्यामुळे "विमान रात्रीचं आहे, दुपारी सामानासकट म्युझियम करू" हा बेत दारातच मोडतो. आणि शुक्रवार संध्याकाळ सोडू नका. ब्रिटिश म्युझियम साडेआठपर्यंत, व्ही अँड ए दहापर्यंत उघडं असतं, शाळेच्या सहली परतलेल्या असतात. वाघनखं नसली तरी व्ही अँड एच्या कास्ट कोर्ट्समध्ये, म्हणजे प्रतिकृतींच्या दालनांत, रोमच्या ट्रेजन स्तंभाची प्लॅस्टरची प्रतिकृती उभी आहे. छताखाली मावेना म्हणून ती दोन तुकड्यांत ठेवली आहे. मामी तिच्याकडे मान वर करून बघत राहिली आणि वाघनखांचा विषय तिथे मिटला.

टॅप करण्यातले घोळ

सगळ्यात जास्त पैसे इथे गळतात, म्हणून जरा बैजवार सांगते.

पहिला घोळ भारतातच होतो. आपल्या बँकेच्या कार्डांवर परदेशातला वापर आणि टॅप करून पैसे देणं या दोन्ही सोयी ॲपमध्ये जाऊन वेगवेगळ्या चालू कराव्या लागतात. लोक पहिली चालू करतात, दुसरी विसरतात. मग हीथ्रो स्टेशनच्या गेटवर लाल दिवा लागतो, मागे माणसं खोळंबतात, आणि घाईघाईत मशीनमधून कागदी तिकीट काढलं जातं. शहराच्या मधल्या भागात ते टॅपच्या दुपटीहून महाग पडतं.

दुसरा घोळ: एका कार्डावर दोघं. मुंबईत एकजण दोघांची तिकिटं काढतो, तसं ट्यूबमध्ये, म्हणजे इथल्या मेट्रोत, चालत नाही. प्रत्येकाला वेगळं कार्ड हवं, नाहीतर ऑयस्टर, म्हणजे पैसे भरून वापरायचं इथलं प्रवासाचं कार्ड, घ्या.

तिसरा घोळ मामांनी केला, आणि तो मी हमखास दरवर्षी बघते. सकाळी आत जाताना त्यांनी गेटला कार्ड जोडलेला फोन टेकवला. बाहेर पडताना फोनची बॅटरी उतरली होती म्हणून खिशातून तेच कार्ड काढून लावलं. "कार्ड एकच आहे ना गं?" बँकेच्या लेखी एकच. पण गेटच्या लेखी फोनमधलं कार्ड आणि प्लॅस्टिकचं कार्ड हे दोन वेगळे प्रवासी. एक आत गेला तो बाहेर आलाच नाही, दुसरा आत न जाताच बाहेर आला. दोन अर्धवट प्रवास, दोघांना जास्तीत जास्त भाडं. शिवाय दिवसभराच्या भाड्याला जी कमाल मर्यादा असते, तिचा हिशेबही फाटला. झालंच असं, तर टीएफएलच्या (इथली बस-ट्यूब चालवणारी संस्था) ॲपमध्ये कार्ड नोंदवून तो प्रवास शोधा आणि परतावा मागा. मामांचे पैसे परत आले, पण त्यासाठी रविवारची सकाळ गेली. सोपा उपाय म्हणजे सकाळी जे लावलं तेच रात्रीपर्यंत लावायचं.

ट्यूबमध्ये आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा टॅप; बसमध्ये फक्त चढताना. बसमध्ये रोख पैसे २०१४ पासून घेतच नाहीत. बसचं भाडं १ पौंड ७५ पेन्स आहे (दर बदलतात, निघण्याआधी एकदा बघा), आणि पहिल्या टॅपपासून तासाभरात कितीही बसा बदलल्या तरी पुन्हा पैसे कापले जात नाहीत. उघड्या टपाच्या पर्यटक बसला माणशी तीस-पस्तीस पौंड मोजण्याआधी ९ नंबरच्या साध्या लाल बसच्या वरच्या मजल्यावर पुढची सीट पकडून बघा. ट्रॅफल्गार स्क्वेअर, पिकॅडिली, हाइड पार्कचा कोपरा, रॉयल अल्बर्ट हॉल असं सगळं समोरून जातं. २४ नंबर हॅम्पस्टेडकडून कॅमडनमार्गे थेट पार्लमेंटसमोर आणते.

मुलं बरोबर असतील तर ११ वर्षांखालच्यांचं तिकीट काढू नका. मोठ्या माणसाबरोबर ती बस आणि ट्यूबमध्ये फुकट जातात. ११ ते १५ वयाच्या मुलांसाठी ऑयस्टर घेऊन स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याला पाहुण्या मुलांची सवलत लावायला सांगायचं. १४ दिवस अर्ध्या भाड्यात काम होतं. ही सवलत आपणहून कुणी देत नाही, मागावी लागते.

हीथ्रोहून शहरात येताना पाट्या बघत गेलात की पाय आपोआप महागड्या एक्स्प्रेसकडे वळतात. ट्यूबची पिकॅडिली लाईन सहा पौंडांच्या आसपास आणते, वेळ तासभर. एलिझाबेथ लाईन तिच्या दुपटीहून थोडी महाग, पण झटपट आणि सामानाला मोकळी. मोठ्या बॅगा आणि वयस्कर माणसं असतील तर एलिझाबेथच घ्या, तिथे काटकसर करू नका.

दुकानात कार्डाचं मशीन "रुपयांत की पौंडांत?" असं विचारतं तेव्हा रुपये बघून बरं वाटतं. पौंडच निवडा. रुपयांचा दर ते मशीन स्वतःच्या सोयीने लावतं.

उंचावरून शहर बघायला पैसे मोजणं

लंडन आय या उंच पाळण्याच्या रांगेत उभं राहायला माझा विरोध नाही, हौस असेल तर जरूर जा. पण नुसतं वरून शहर बघायचं असेल तर स्काय गार्डन आहे, फेनचर्च स्ट्रीटच्या इमारतीत अगदी वर, मोफत. मेख एवढीच, की तिथल्या तारखा साधारण तीन आठवडे आधी, सोमवारी उघडतात आणि शनिवार-रविवार भराभर संपतात. लंडनला पोचल्यावर आठवण झाली तर काही उपयोग नाही. बिशप्सगेट रस्त्यावरच्या इमारतीत ५८व्या मजल्यावरचं होरायझन २२ सुद्धा असंच, फुकट पण आधी बुकिंग करून. काहीच मिळालं नाही तर सेंट पॉल्स कॅथेड्रलच्या शेजारी वन न्यू चेंज नावाचा मॉल आहे. लिफ्टने गच्चीवर जा, कुणी काही विचारत नाही, आणि सेंट पॉल्सचा घुमट समोर हाताच्या अंतरावर असतो.

मी पाहुण्यांना नेते ती मात्र प्रिमरोझ हिलवर. साधी गवताची टेकडी, वर चढायला दहा मिनिटं, आणि अख्खं शहर पुढ्यात. तिथून पाच-सात मिनिटं चाललं की १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब शिकत असताना या घरात राहिले होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते विकत घेतलं आणि तिथे संग्रहालय केलं. प्रवेश मोफत. बाकीच्या शांत, श्रीमंत घरांच्या ओळीतच ते घर आहे, त्यामुळे लोक पुढे निघून जातात. दारावरची निळी पाटी बघत चला. उघडण्याची वेळ आधी बघून घ्या. लंडनचं इतकं करून लोक हे घर न बघता परत जातात, हे मला खरंच खटकतं.

मेडा वेलला १०, हावली प्लेसवरही अशीच पाटी आहे, लोकमान्य टिळकांची. १९१८-१९ मध्ये ते तिथे राहत होते. ते मात्र खाजगी घर आहे. फुटपाथवरून नमस्कार करा, फोटो काढा, बेल वाजवू नका. (वाजवणारे निघाले आहेत.)

चुकीचा वार, चुकीची वेळ

बकिंगहॅम पॅलेससमोर मंगळवारी गर्दी करून उभे राहिलेले आपले लोक मी बघितले आहेत. पहारा बदलण्याचा सोहळा बहुतेक करून सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि रविवारी अकराला असतो, आणि पावसात रद्दही होतो. मंगळवारीच जायचं असेल तर दहा-पंधरा मिनिटं चालून हॉर्स गार्ड्सला जा. तिथे घोडेस्वारांचा पहारा रोज अकराला बदलतो, रविवारी दहाला, आणि गर्दी कमी असल्यामुळे घोडे जवळून दिसतात.

वेस्टमिन्स्टर ॲबीचं तिकीट तीस पौंडांच्या घरात आहे. संध्याकाळच्या प्रार्थनेला म्हणजे इव्हनसाँगला मात्र कुणीही फुकट जाऊन बसू शकतं, सेंट पॉल्समध्येही. हिंडायला मिळत नाही, फोटो काढायचे नाहीत. पण त्या कमानींखाली मुलांचे आवाज घुमतात तेव्हा, काकड आरतीला देवळात बसल्यावर जसं होतं, तसं काहीतरी होतं. तिथे ती प्रार्थना खरी चालू असते, हे ध्यानात ठेवून शेवटपर्यंत बसा.

ग्रीनिचला शून्य रेखांशावर दोन पाय दोन गोलार्धांत ठेवून फोटो काढायला वेधशाळेच्या अंगणात जावं लागतं आणि त्याचं तिकीट आहे. अंगणाच्या भिंतीबाहेरच्या पायवाटेवर तीच रेघ पुढे आलेली आहे, तिथे तिकीट नाही. खाली नॅशनल मॅरिटाइम म्युझियम मोफत. आणि परतताना टेम्स नदीच्या खालून चालत जा: १९०२ चा पादचारी बोगदा आहे, पांढऱ्या टाइल्स लावलेला. आमच्या घरच्या मुलांना तोच सगळ्यात जास्त आवडला.

उपाशी फिरणं

म्युझियमच्या कॅफेत भूक लागली की चौघांचे पन्नास पौंड गेलेच. सुपरमार्केटमध्ये सँडविच, वेफर्स आणि पेय असा संच चार पौंडांच्या आसपास मिळतो; काही दुकानांत तो दर फक्त त्यांच्या सभासद कार्डावर असतो, म्हणून इथल्या ओळखीच्या माणसाकडून त्याचा कोड फोनवर मागून घ्या. शाकाहारी असाल तर युस्टन स्टेशनच्या मागे ड्रमंड स्ट्रीट गाठा, डोसा-भेळेची जुनी हॉटेलं आहेत. वेंब्लीच्या ईलिंग रोडवर तर चटण्यांसकट घरचीच चव मिळते. हॉटेलात पाणी मागताना "टॅप वॉटर" म्हणा, नाहीतर बाटली उघडून समोर येते. बिलात साडेबारा टक्के सेवाशुल्क लावलेलं दिसलं तर ते बहुतेक ठिकाणी ऐच्छिक असतं, काढून टाका म्हणता येतं. आपले लोक लाजतात.

घरून आणायचंच तर चिवडा, भाजणीच्या चकल्या आणा. भारतातून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, त्यामुळे पेढे आणि खव्याच्या वड्या विमानतळावरच्या टोपलीत जातात. मामीने आणलेले कंदी पेढे तसेच गेले. मामा अजून म्हणतात, "साताऱ्याची एक गोष्ट आपण लंडनला पोचण्याआधीच निघून गेली होती, आणि दुसरी आपल्या डोळ्यांदेखत गेली."