कायोटीला साद घालण्याआधी वारा ओळखा

कामानिमित्त अमेरिकेतल्या पश्चिम कॅन्ससमध्ये राहायला आलो, त्या पहिल्याच रात्री कायोटींचा गलका ऐकून सोलापूरकडच्या माळावरची कोल्हेकुई आठवली. कायोटी हा कोल्ह्या-लांडग्यांच्याच कुळातला प्राणी. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कोल्ह्याची शिकार बंद आहे. कॅन्ससमध्ये मात्र कायोटीची शिकार वर्षभर खुली असते. तरीही परवाना आणि जमीनमालकाची परवानगी या दोन्ही गोष्टी लागतातच, आणि १ जुलै १९५७ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकार-सुरक्षेचे प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर आलेल्यांनी तर बंदुकीला हात लावण्यापूर्वी वकिलाला विचारावे, कारण संघीय कायद्याने त्यांना शस्त्र बाळगण्यास मनाई आहे आणि वैध शिकार परवाना जवळ असणे हा तिच्या मोजक्या अपवादांपैकी एक आहे.

कायोटीला माऱ्यात बोलावण्यासाठी भक्ष्याच्या किंवा कायोटीच्याच ओरडण्याची नक्कल करतात, आणि पहिल्या हिवाळ्यात मी सारा भर त्या आवाजावर दिला. फाशात सापडलेल्या सशाची किंकाळी शिट्टीवर हुबेहूब निघावी म्हणून घरी रोज सराव केला. जानेवारीतल्या एका पहाटे गव्हाच्या कोवळ्या पात्यांवर दव गोठले होते. किंकाळी सुरू करून सहा-सात मिनिटे झाली असतील, तोच ओढ्याकाठच्या गवतातून कायोटी बाहेर आला. पण सरळ माझ्याकडे न येता तो लांबचा वळसा घेऊ लागला, आणि माझ्या पाठीमागून वाहणारा वारा जेथे त्याच्यापर्यंत पोहोचत होता तेथे येताच नाक वर करून क्षणभर थबकला. मी रायफल खांद्याला लावेपर्यंत तो ओढ्यात उतरून दिसेनासा झाला होता.

ज्यांच्या शेतावर मी बसत असे, त्या वयस्कर पशुपालकांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी वाळलेले गवत मुठीत चुरून हवेत सोडले आणि ते कोठे जाते हे मला पाहायला लावले. कायोटी कानाने ऐकलेले नाकाने तपासून घेतो, आणि त्यासाठी तो आवाजाला वळसा घालून अशा बाजूस जातो जेथे वारा आवाजाकडून त्याच्याकडे येतो. म्हणून तो वळसा जेथून जाणार ती जागा मोकळी आणि आपल्या माऱ्यात असेल, अशा बेताने बसायचे: वारा समोरून किंवा बाजूने यावा, सूर्य पाठीशी असावा आणि मागे झुडूप किंवा बांध असावा, म्हणजे आपली आकृती उठून दिसत नाही. इलेक्ट्रॉनिक कॉलर, म्हणजे असे आवाज वाजवणारा भोंगा, असेल तर तो आपल्यापासून चाळीस-पन्नास मीटर दूर ठेवावा. येणाऱ्याचे डोळे तिकडे लागतात.

बसण्याआधीची चाल मला याहूनही महत्त्वाची वाटते. गाडी उंचवट्याआड लावावी, दार आपटू नये, आणि ज्या ओढ्यात कायोटी असण्याची शक्यता आहे त्याच्या दिशेने आपला वास जाईल अशा वाटेने कधीही जाऊ नये. सुरुवातीचा आवाज हळू काढावा, कारण कायोटी अगदी जवळही असू शकतो. पंधरा-वीस मिनिटांत काही आले नाही तर उठून दुसरी जागा गाठावी.

कोणता आवाज केव्हा काढावा, हे ऋतूवर ठरते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आईबापांपासून वेगळी झालेली तरणी पिल्ले सशाच्या किंकाळीला पटकन भुलतात. जानेवारी-फेब्रुवारी हा जोड्यांचा काळ. तेव्हा एकट्या कायोटीची लांबलचक आरोळी पुरते, आणि तिच्यामागून लगेच किंकाळ्यांचा मारा करू नये. मे-जूनमध्ये बिळात पिल्ले असतात. त्या दिवसांत पशुपालकाची कोकरे मारली जात असल्याखेरीज मी जात नाही, आणि नवख्यांनीही जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

धावत्या कायोटीवर गोळी झाडू नये. तोंडाने एकदा भुंकल्यासारखा आवाज केला की तो बहुधा थांबतो. तो थांबला तरी त्याच्या मागे मातीचा उतार आहे की नाही हे पाहूनच चाप ओढावा, कारण सपाट मुलखात चुकलेली गोळी फार लांब जाते. गोळी लागल्यावर लगेच उठू नये. दुसऱ्या हिवाळ्यात पहिला नर पडल्यावर मी पिल्लाच्या केविलवाण्या ओरडण्याचा आवाज तीन मिनिटे चालू ठेवला, आणि त्याच ओढ्यातून त्याची मादी, वाऱ्याची तीच बाजू गाठण्यासाठी तोच वळसा घेत, बाहेर आली.