एसी २४ वर ठेवूनही रात्री कुडकुडायला होतंय? माझा अनुभव

ठाण्यात राहतो, दीड टनाचा इन्व्हर्टर एसी आहे. २४ वर लावून झोपलो की पहाटे तीनला खोली बर्फासारखी गार, बंद केला की अर्ध्या तासात घामाने उशी ओली. २६ केला, २७ केला, फिल्टर धुतला, मेकॅनिकने गॅस चेक केला, सगळं ठीक! दोन महिने झोपेचं पार खोबरं झालं होतं.

कारण रिमोटमध्ये निघालं. 'आय फील' चालू होतं, म्हणजे एसी तापमान स्वतःच्या सेन्सरवरून न घेता रिमोटच्या सेन्सरवरून घेतो, आणि आमचा रिमोट रात्रभर गोधडीत, अंगाच्या उबेत, त्यामुळे एसीला वाटायचं खोली अजून गरमच आहे.

आधी आय फीलचं बटण दाबून स्क्रीनवरची खूण गेली का ते बघा. मग मोड कूल (ऑटो नको), तापमान २६, फॅन ऑटो, झडपा वरच्या बाजूला म्हणजे गार हवा अंगावर न येता छताजवळून पसरते. सीलिंग फॅन दोनवर. शेवटी स्लीप मोड, आमच्याकडे तो तासाला एक डिग्री असं दोन डिग्री वाढवतो.

आय फील हवंच असेल तर रिमोट उघड्यावर, टेबलावर ठेवा.