निळ्या टर्फवर निळी जर्सी: बिघडलेलं चित्र कसं सावरलं

मुलीला रंगवायला हॉकीपटूचं चित्र छापून दिलं होतं. सामन्याआधी वॉर्मअप करणारा खेळाडू: एक पाय पुढे वाकवलेला, स्टिक दोन्ही हातांनी डोक्यावर ताणलेली. भारताचा खेळाडू म्हणून तिने जर्सी निळी केली. मग टर्फही निळं, कारण २०१२ च्या लंडन ऑलिंपिकपासून टीव्हीवर बहुतेक वेळा तसंच दिसतं. दोन्हीकडे मेणखडूचा एकच निळा, दाबून घासलेला. खेळाडू मैदानात विरघळून गेला आणि पोरगी रडवेली झाली.

आधी मी टर्फवर पांढरा खडू फिरवून पाहिला. काही उपयोग नाही; मेणाच्या जाड थरावर दुसरा रंग नीट बसतच नाही, नुसता सरकतो. मग जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने टर्फवरचं मेण हलक्या हाताने खरवडलं. उरलेल्यावर टिश्यूपेपर ठेवून कोमट इस्त्री दोन-तीन सेकंद टेकवली; बरंच मेण कागदाने शोषून घेतलं. (इस्त्री मीच धरली, जर्सीवर नेली नाही.) खाली फिकट आकाशी छटा राहिली, तीच टर्फ म्हणून शोभली. जर्सीभोवती काळ्या खडूच्या टोकाने बारीक रेघ, बॉल पिवळा आणि मैदानाबाहेरची पट्टी गुलाबी, लंडनला होती तशी.

टर्फवर सामन्याआधी पाणी मारतात, हे तिला सांगितलं. तिने लगेच टूथपिक घेतली आणि खेळाडूच्या पायाखाली खरवडून पाण्याच्या दोन चमकत्या रेघा काढल्या.